पाडव्याच्या मुहूर्ताची बॅटरी

माझ्या नणंदेला चोर ठरवणारी चिप मीच बनवली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी ‘अगं बाई, तूच का ती?’ करून तोंडावर हात ठेवायला नको.

नणंद म्हणजे अनुपमा. मुलुंड पूर्वेच्या एका मराठी शाळेत पाचवीला गणित शिकवते. कॉलेजात असताना अपघात झाला, तेव्हापासून तिच्या पायांत ताकद नाही. जूनमध्ये शाळेच्या ट्रस्टने माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या जमवून तिला बॅटरीवर चालणारी खुर्ची दिली. खुर्ची आमच्या कंपनीची. अंधेरीला एमआयडीसीत आमचा एक गाळा आहे, आणि खुर्चीत बसवलेली बॅटरी अस्सल आहे की नाही हे ओळखायचा भाग माझ्याकडे. तेव्हा घरात काय कौतुक! सासूबाईंनी खुर्चीला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, "गो, तुझ्या हातचा काम माझ्या चेडवाक उपयोगाक इला." चार महिन्यांत त्याच कामाने त्यांच्या चेडवाची, म्हणजे लेकीची, अब्रू घेतली.

झालं असं. ऑक्टोबर उजाडला, ऊन चटके द्यायला लागलं आणि दुपारी शाळा सुटल्यावर खुर्ची चालू होईना. लाल दिवा, आणि पडद्यावर ‘नकली बॅटरी’. सकाळी घरून निघताना हिरवा, दुपारी लाल. असं तीनचारदा झाल्यावर आमच्या कंपनीच्या यंत्रणेने आपणहून एक ईमेल धाडला. कोणाला? खुर्ची ज्यांच्या नावावर त्यांना, म्हणजे थेट ट्रस्टला. ‘आपल्या खुर्चीत नकली बॅटरी बसवल्याचे आढळले आहे. मूळ बॅटरी परत न बसवल्यास वॉरंटी रद्द होईल.’

आता ट्रस्टच्या माणसांनी याचा काय अर्थ काढायचा? जो काढायचा तो काढलाच. बॅटरी महागडी, अनुची नोकरी अजून कायम झालेली नाही, पगार तुटपुंजा. विकली असेल अस्सल आणि बसवली असेल कुठली तरी स्वस्तातली. बातमी शाळेत पोचली. तोंडावर कोणी बोललं नाही, पण अनु स्टाफरूममध्ये शिरली की गप्पा बंद. त्यातच मुख्याध्यापिका पद्मजाबाई, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सूचना केली, की शाळेने दिलेल्या वस्तूंचे भाग परस्पर बदलू नयेत. नाव घेतलं नाही हो, नाव कशाला घेतील! खुर्चीवाली एकच आहे तिथे. मग केबिनमध्ये बोलावून अनुला म्हणाल्या, "शनिवारपर्यंत मूळ बॅटरी आणून बसव. आम्ही काही विचारणार नाही." आणि नाही बसवली, तर खुर्ची परत जाणार आणि प्रकरण ट्रस्टच्या बैठकीपुढे.

अनु त्या दिवशी घरी आली ती रिक्षाने. खुर्ची शाळेतच अडकलेली. रडली वगैरे नाही. सरळ मला धरलं.

"वहिनी, ही बॅटरी कोणी बदललीय का?"

"नाही गं."

"मग तुझी चिप खोटं का बोलतेय?"

सासूबाई आतून ओरडल्या, "आमच्या घराण्यात कोणी कोणाची काडी उचलूक नाय, नि आता बॅटरी चोरली म्हणतत? मेल्यांची जीभ झडाक होई!"

मी म्हटलं, थांबा, मला बघू दे. आणि त्या क्षणापासून माझं डोकं जे तापलं ते अजून उतरलेलं नाही.

बॅटरीतली ही चिप काय करते ते सांगते, फार कठीण नाही. दिवाळीत आपण चकल्या करतो. सोऱ्या एकच, पीठ एकच, हात एकच. तरी दोन चकल्या हुबेहूब सारख्या आल्यात कधी? एकीचा काटा मोडलेला, दुसरी जरा वाकडी. चिपचंही तसंच. कारखान्यात एकाच साच्यातून काढल्या, तरी प्रत्येकीत आतल्या आत बारीक वाकडेपणा राहतो, आणि तो मुद्दाम कोणाला करता येत नाही, बनवणाऱ्यालाही नाही. आम्ही त्याचाच उपयोग करतो. चिपमध्ये पासवर्ड ठेवतच नाही. ठेवला तर कोणीतरी चोरणार. खुर्ची सुरू होताना चिपला काही प्रश्न टाकते आणि चिप आपल्या वाकडेपणाप्रमाणे उत्तरं देते. कारखान्यात एकदा नोंदवून ठेवलेल्या उत्तरांशी ती जुळली, की बॅटरी अस्सल. स्वस्तात काम होतं, आणि कोणी पेटणारी भिकार बॅटरी आणून बसवली तर खुर्ची जागची हलत नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी चार वर्षं घासलीत.

उत्तरं शंभर टक्के कधीच जुळत नाहीत. उकाडा, थंडी, जुनेपणा, कशानेही थोडी हलतात. म्हणून शंभरात बारा चुकली तरी आम्ही चालवून घेतो. भलतीच चिप असेल तर जवळजवळ निम्मी चुकतात. मी अनुच्या खुर्चीची नोंद उघडली. सकाळी दहा-अकरा चुका. दुपारी पंधरा, एकदा सतरा.

पंधरा! अहो, नकली असती तर पन्नासच्या घरात गेली असती ना! ही अस्सलच चिप होती, फक्त उन्हात जरा जास्त अडखळत होती. मुळात यंत्र एवढंच सांगू शकतं, की ‘मला ओळख पटली नाही’. मी तेच शब्द लिहून दिले होते. पण आमच्या मार्केटिंगवाल्यांना ते मुळमुळीत वाटले, म्हणून त्यांनी ‘नकली बॅटरी’ केलं. ठसठशीत हवं म्हणे.

पण सकाळच्या गारव्यातसुद्धा दहा चुका? नव्या चिपच्या तीनचारच्या वर जात नाहीत. मी बॅटरीचा अनुक्रमांक बघितला आणि कपाळाला हात लावला. पाडव्याची बॅटरी!

आता हा पाडव्याचा प्रकार ऐका. आमचे मालक श्यामसुंदर सर. माणूस वाईट नाही, पण मुहूर्त म्हटलं की त्यांचं डोकं बंद पडतं. गुढीपाडव्याला नव्या बॅटरीचं उत्पादन सुरू करायचं ठरलेलं. गुरुजी आले, पेढे आले, गाळ्याच्या दाराला तोरण लागलं. फक्त चिपचं कवच करायचं रेझिन आलं नाही. चिपवर रेझिन ओतायचं, भट्टीत पक्कं करायचं आणि मग उत्तरांची नोंद घ्यायची, असा आमचा क्रम. रेझिन आवळलं की चिपवर ताण येतो, उत्तरं थोडी सरकतात. म्हणून नोंद शेवटी. हे मी सगळ्यांना शंभरदा घोकून दिलेलं. सर म्हणाले, मुहूर्त टळतोय, निदान नोंदणी तरी उरकून घेऊ, रेझिन काय नंतरही ओतता येतं. मी भांडले. ते म्हणाले, "गंधाली, सणासुदीला नन्नाचा पाढा नको. या बॅटऱ्या आपण विकणारच नाही, शोकेसमध्ये ठेवू."

आणि ठेवल्या का शोकेसमध्ये? छे! शुभ बॅटऱ्या म्हणून आपल्या माणसांना वाटल्या. मेहुण्याच्या हॉस्पिटलला एक, व्याह्यांच्या ओळखीत एक, आणि एक माझ्या नणंदेला, घरची म्हणून! मला पत्ताच नाही. जी बॅटरी कोणालाच द्यायची नव्हती, ती त्यांनी लाडाने आमच्याच पदरात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडहून निघाले. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर मेट्रोच्या खांबाखांबाला गाडी अडकत होती आणि मी प्रत्येक खांबाला मनातलं भाषण पुन्हा घोटत होते. पोचल्या पोचल्या सरांच्या केबिनमध्ये घुसले.

"सर, पाडव्याच्या बॅटऱ्या परत मागवा. नोंदणी चुकीच्या वेळी झालीय."

"चुकीच्या वेळी? अगं, गुरुजींनी काढून दिलेली वेळ होती ती."

"मी पंचांगाचं नाही बोलत, सर! रेझिनच्या आधी झालीय!"

"किती तक्रारी आल्यात?"

"माझ्या नणंदेची आलीय ना! बाकीच्या एसीत असतील, त्यांना कळणार नाही. ही उन्हातून जाते-येते."

सरांनी आकडे बघितले. कळले त्यांना, इंजिनियरच आहेत शेवटी. पण चष्मा काढून म्हणाले, "हे बघ, बाराची मर्यादा आपल्या ब्रोशरमध्ये छापलीय. वाढवली तर बोंब होईल. आणि तिच्या एकटीची बॅटरी गुपचूप बदलून दिली, तर ट्रस्टला वाटेल तिनेच मूळची परत आणून लावली."

"मग पुन्हा नोंदणी करू."

"करता येते का?"

येत नाही. एकदा नोंद झाली की तो रस्ता आतून जळून जातो, म्हणजे कोणी भामटा येऊन नकली बॅटरी नव्याने नोंदवू शकत नाही. ते मीच तसं ठेवलंय, आणि योग्यच ठेवलंय. पण त्या वेळी सरांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना, मला पेपरवेट उचलावासा वाटला.

"मग तुम्ही ट्रस्टला पत्र द्या. आमची चूक झाली म्हणून."

"गंधाली, ट्रस्ट अजून सहा खुर्च्या घेतोय. शनिवारी मी स्वतः त्याच कामाला शाळेत जाणार आहे. अशा वेळी मी जाऊन सांगू, की आमची बॅटरी स्वतःलाच ओळखत नाही?"

"मग मी जाऊन सांगते."

"तू तिची वहिनी. ओळखायचं सॉफ्टवेअरही तुझंच. लोक काय म्हणतील? घरच्या घरी आकडे बदलले."

एवढं मात्र खरं होतं आणि त्याचाच जास्त संताप आला. जगात एकाच माणसाला ठाम माहीत होतं की अनुने काही केलेलं नाही, आणि नेमकी त्याच माणसाच्या शब्दाला किंमत शून्य.

संध्याकाळी अनुला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गार असली की ओळखते?"

"हो."

"नकली बॅटरी गार केली तर?"

"बर्फात पुरलीस तरी नाही ओळखणार. निम्मी उत्तरं चुकीचीच येणार."

"मग आकडे कशाला दाखवतेस त्यांना? गार करून दाखव ना."

मी वेड्यासारखी तिच्याकडे बघत राहिले. चार वर्षं घासलेली मी, आणि मला आकड्यांपलीकडे काही सुचलं नव्हतं. ती रोज पाचवीतल्या मुलांना गणित समजावते. दिसल्याशिवाय पटत नाही, हे तिला पाठ.

शनिवारी डीप फ्रीझरमधली मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळली, वर वर्तमानपत्र लावलं आणि मधल्या सुट्टीत शाळेत गेले. सासूबाईंनी विचारलं, मटार खंय नेतंस? म्हटलं, तुमच्या लेकीची अब्रू सोडवायला. त्यांनी आणखी एक पिशवी काढून दिली.

मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये सर आधीच येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. अनुची खुर्ची उन्हातल्या व्हरांड्यातून दोन शिपायांनी ढकलत आत आणली, ती खुर्चीत बसलेली असतानाच. लाल दिवा चालू, ‘नकली बॅटरी’ चालू.

मोठ्या बाई आवाजात साखर घालून म्हणाल्या, "अनुपमा, काही अडचण होती तर सांगायचं होतंस गं. आम्ही काय परके आहोत?"

म्हणजे चोरी धरूनच चाललेल्या, वर मायाही करणार! मी काही बोलायच्या आत अनु म्हणाली, "बाई, वहिनीला दोन मिनिटं द्या."

मी खाली बसले आणि बॅटरीच्या पेटीला दोन्ही बाजूंनी मटार लावले. सर खाकरले. "गंधाली, हे काय चाललंय?"

"प्रथमोपचार, सर."

मग आम्ही थांबलो. माझा घाम हनुवटीवरून फरशीवर पडत होता आणि मनात एकच, की नाही चालली तर? मधे खुर्ची घरी आणून, उन्हात तापवून दोनदा करून बघितलं होतं, दोन्हीदा चाललं होतं. पण यंत्रांचा काही भरवसा नाही, माझ्या तर मुळीच नाही. बऱ्याच वेळाने मी अनुला म्हटलं, "चालू कर."

तिने बटण दाबलं. दिवा मिचमिचला आणि हिरवा झाला. पडद्यावर ‘अस्सल बॅटरी’.

मी उठले आणि एका दमात सांगून टाकलं, पाडवा, रेझिन, मुहूर्त, शुभ बॅटऱ्या, सगळं. सरांकडे बघितलंसुद्धा नाही. "नकली बॅटरी असती, बाई, तर काश्मीरला नेली असती तरी हिरवी झाली नसती. ही अस्सल आहे. हिची नोंद आमच्याकडे चुकीची झालीय."

मोठ्या बाईंनी सरांकडे बघितलं. सरांनी रुमालाने गंधासकट कपाळ पुसलं. वाटलं, आता कबूल करतील. आणि हा माणूस म्हणतो, "म्हणजे बघा हं बाई, आमची चिप किती कडक आहे! जरासुद्धा ढिलाई नाही!"

हात टेकले मी. देवाशप्पथ, हात टेकले.

"तुमच्याकडून चूक झाली की नाही, तेवढं सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या.

सर खाली बघून म्हणाले, "झाली. बॅटरी बदलून देतो."

"चला, मग मिटलं," मोठ्या बाईंनी बेल वाजवली. "गैरसमज होता, संपला. चहा घेऊ या."

"मिटलं नाही, बाई," अनु म्हणाली. "तुम्ही सूचना स्टाफरूममध्ये केली होतीत. हेही तिथेच येऊन सांगा."

"अगं, मी तुझं नाव तरी घेतलं का? आणि आम्ही कुठे काय म्हणालो? मशीनच तसं म्हणत होतं."

"मशीनला तुम्ही रोज विचारत होतात, बाई. मला एकदा तरी विचारलंत?"

मोठ्या बाईंनी चष्मा नीट केला. टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. मग त्या उठल्या. "चल," म्हणाल्या.

व्हरांडा अर्धा उन्हात. अनु पुढे, बाजूला मोठ्या बाई, मागे मी आणि सर. स्टाफरूमच्या अलीकडे मोठ्या बाई थबकल्या, काय बोलायचं याची जुळवाजुळव करत असाव्यात. अनुही थांबली. आणि खुर्ची जरा वेळ उभी राहिली की पुन्हा बॅटरीची ओळख विचारते, हे त्या गडबडीत माझ्या डोक्यातून गेलं. मटार केबिनमध्ये राहिलेले. अनुने दांडा पुढे केला आणि लाल दिवा लागला. ‘नकली बॅटरी’.

वाट लागली! मी मटार आणायला धावणार, तेवढ्यात मोठ्या बाई खुर्चीच्या मागे आल्या आणि मुठी धरून ढकलायला लागल्या.

"हात लावू नका," अनु म्हणाली.

आवाज चढवला नव्हता, पण मोठ्या बाईंनी हात काढले. मीही जागीच थांबले. सर गुडघ्यावर बसले आणि रुमालाने बॅटरीला वारा घालायला लागले. त्याने काय होणार होतं, ते त्यांनाच ठाऊक. गलबला ऐकून स्टाफरूममधले दोघेतिघे दारात आले, मग आणखी आले. सगळ्यांनी आधी पडद्याकडे बघितलं. ते दोन शब्द सगळ्यांनी वाचले. एका बाईंनी दुसरीच्या दंडाला हळूच धक्का दिला, तोही मला दिसला.

मला इतकं रडू आलं रागाने! इतकं करून पुन्हा तिथेच!

अनु मात्र मान वळवून मोठ्या बाईंकडे बघत होती. वाट बघत होती. मोठ्या बाईंनी एकदा त्या लाल दिव्याकडे बघितलं, एकदा दारातल्या लोकांकडे. घसा साफ केला.

"ऐका सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "हे मशीन चुकतंय. बॅटरी अस्सल आहे. अनुपमाने काही केलेलं नाही. मी तिला न विचारता बोलले, ती माझी चूक झाली."

दारातल्या त्या बाईंनी मान खाली घातली. दिवा लालच होता, सरांचा रुमाल चालूच होता.

अनुने पुढे तोंड केलं आणि हात मांडीवर घेतले.

"आता ढकला, बाई," ती म्हणाली. "तास सुरू होईल माझा."